आरोपी हयात आहे

मराठी समाजाने एकोणिसाव्या शतकात विधवेच्या प्रश्नाला हात घातला याचा अभिमान प्रत्येक साहित्य संमेलनात व्यक्त होतो आणि तो रास्तही आहे. फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात सुरू केलेले बालहत्या प्रतिबंधक गृह, पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये उघडलेले शारदा सदन आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी यांच्याशिवाय मराठी सुधारणेचा इतिहास लिहिताच येत नाही. मात्र त्या इतिहासाच्या आड एक सोय दडलेली आहे. विधवेच्या दुःखात रूढीला दोष देता येतो, शास्त्राला देता येतो, नवऱ्याला देण्याचा प्रसंग येत नाही, कारण तो मेलेला असतो. टाकलेल्या बाईच्या दुःखातला आरोपी हयात आहे. त्याला मत आहे, शिधापत्रिका आहे, बहुधा दुसरा संसारही आहे, आणि म्हणूनच तिच्यावर लिहिण्याची वेळ आली की मराठी साहित्याची शाई आटते.

विवाह कायद्याने मोडलेला नाही, परंतु नवऱ्याने घराबाहेर काढले, किंवा तो दुसरीकडे राहू लागला, किंवा न सांगता निघून गेला, अशा स्त्रीला शासकीय कागदपत्रांत परित्यक्ता म्हणतात. वस्तीत तिच्याविषयी ‘तिला नांदवत नाहीत’ एवढेच बोलले जाते. २०११ च्या जनगणनेत देशातील विभक्त राहणाऱ्यांची संख्या घटस्फोटितांच्या जवळजवळ तिप्पट भरली. म्हणजे संसार मोडतात त्यांतले बहुसंख्य न्यायालयाच्या पायरीपर्यंत पोचत नाहीत.

ज्या पोचतात त्यांची कहाणी तरी काय आहे? पोटगीची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती, ती १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आली. दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ मध्ये उठली आणि अंतरिम पोटगीचा निर्णय शक्यतो ६० दिवसांत व्हावा असे ठरले. पण हे ६० दिवस नवऱ्याला नोटीस बजावल्यापासून मोजले जातात, आणि भाड्याच्या खोल्या बदलत फिरणाऱ्या माणसाच्या नोटिशीवर ‘पत्त्यावर आढळला नाही’ असा शेरा पडला की मोजणी सुरूच होत नाही. थकलेल्या रकमेच्या वसुलीसाठी ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईला तारखेसाठी खाडा करावा लागतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात, त्यामुळे हे वर्ष तिच्या हातून निसटते आणि नवरा ती रक्कम पचवतो.

निवाऱ्याचे गणितही असेच आहे. मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत सदनिका पती-पत्नीच्या संयुक्त नावे देण्याची तरतूद आहे, आणि ती स्त्रियांच्या हिताचीच आहे; परंतु झोपडीचा फोटोपास आणि वीजबिल नवऱ्याच्या नावाचे असल्याने परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र रहिवाशांच्या यादीत, तोच झळकतो आणि वर्षानुवर्षे बेपत्ता असलेला गृहस्थ इमारतीचा नकाशा लागताच हजर होतो. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेने परित्यक्तांचा स्वतंत्र उल्लेख केला याचे श्रेय शासनाला द्यावेच लागेल; पुढे ई-केवायसीच्या वेळी त्याच योजनेत पती अथवा वडील यांचा आधार क्रमांक मागितला गेला, हेही नोंदवावे लागेल. वडील वारलेल्या आणि नवऱ्याने टाकलेल्या बाईने दीड हजार रुपयांसाठी कोणत्या पुरुषाचा अंगठा शोधावा?

या प्रश्नावर ज्यांनी काम केले त्यांच्याविषयी येथे आदरच व्यक्त झाला पाहिजे. संगमनेरच्या निशा शिवूरकर आणि समता आंदोलनातील त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात परित्यक्तांच्या परिषदा भरवल्या, बायकांना मंडपात उभे करून बोलते केले. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, उर्मिला पवार यांनी वस्तीतील स्त्रीचे जगणे लिहिले. आक्षेप आहे तो संमेलनांवर. हा विषय कार्यक्रमपत्रिकेत आला तरी तो नेहमी उपमंडपात आणि नेहमी भोजनोत्तर ठेवला जातो, जेव्हा श्रोते श्रीखंडाने सुस्तावलेले असतात आणि ध्वनिक्षेपकवाला जेवायला गेलेला असतो. भोजनोत्तर परिसंवाद हीच मराठी वाङ्मयाची खरी जातिव्यवस्था आहे, सकाळच्या सत्रात कोण बोलते यावरून या भाषेतील सत्तेचा संपूर्ण इतिहास लिहिता येईल, आणि विद्यापीठांनी तो लिहून घ्यावा. दिवाळी अंकांत महानगरी एकटेपणावर वर्षाआड तोच लेख लिहिणाऱ्या एका ज्येष्ठ समीक्षकांनी या विषयाला ‘समाजकार्याचा, साहित्यबाह्य’ ठरवले होते. आज या संमेलनात ते उपस्थित नाहीत. अध्यक्षपदाच्या निवडीनंतर त्यांची प्रकृती बरी नसल्याचे समजते.

हे भाषण करणाऱ्या प्रस्तुत अध्यक्षांचे बालपण पुण्यात पर्वतीच्या उतारावरील वस्तीत गेले, आणि तेथे त्यांची थोरली मावशी टाकलेली होती. नवरा दोन गल्ल्या पलीकडे दुसरीबरोबर राहत असे, तरी मावशी मंगळसूत्र काढत नसे आणि वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळत असे. ‘कुंकू आहे म्हणून रात्री दार वाजत नाही’ हा तिचा हिशेब होता, आणि तो भाबडेपणा नसून वस्तीतील एकट्या बाईची संरक्षणव्यवस्था होती. हळदीकुंकवाचे बोलावणे मात्र तिला येत नसे. १९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी संप केला तेव्हा ती कामावर गेली नाही, पगार वाढवून मिळाला आणि त्यातून तिने पत्रे बदलले. जात्यावरच्या ओव्या तिला पुष्कळ येत. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा लाखभर ओव्या गोळा झाल्या आहेत; तरीही त्या ‘लोकसाहित्य’ या कप्प्यात बंद आहेत, काव्याच्या अभ्यासक्रमात त्यांना ओसरीशेजारच्या ओट्यावर बसवले जाते, आणि जोवर त्या मुख्य पाठ्यपुस्तकात येत नाहीत तोवर मराठी कवितेचा कोणताही इतिहास अर्धाच मानावा लागेल.

सिंधुताई सपकाळ यांना नवऱ्याने गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत घराबाहेर काढले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. समाजाने त्यांना अनाथांची माय म्हणून डोक्यावर घेतले, त्यांच्यावर चित्रपट निघाला, २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पण बाईला घराबाहेर काढण्याच्या कृत्यावर त्या निमित्ताने जेवढे बोलले जायला हवे होते त्याच्या शतांशानेही बोलले गेले नाही. सोसणाऱ्या बाईचा सत्कार करणे सोपे असते, कारण त्यात कोणाचे नाव घ्यावे लागत नाही.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात एक ठराव मांडला जाईल. परित्यक्ता असल्याचा पुरावा म्हणून नवऱ्याच्या कागदांऐवजी स्थानिक चौकशी ग्राह्य धरावी, तिला स्वतःच्या नावाची शिधापत्रिका विनाविलंब मिळावी, आणि पोटगीच्या थकबाकीवरील एका वर्षाची अट काढावी, अशी त्यात मागणी आहे. हा ठराव सकाळच्या सत्रात, मुख्य मंडपात घेतला जाईल. ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभे राहून, आपले नाव सांगून तो नोंदवावा.