पूल, तार आणि केट शोपां

(मंडळाच्या गणेशोत्सवात सभासदांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी उत्सवात माझ्याकडे मांडव आणि जनरेटर एवढंच काम असतं. यंदा सेक्रेटरी म्हणाले, "मांडव दुसरं कोणी बघेल, तुम्ही बोला." मी डिप्लोमावाला माणूस. वीस-बावीस वर्षं पुलांच्या कामात गेली. साहित्यावर बोलायचा मला अधिकार नाही. पण आज बोलणार आहे ते एका लेखिकेबद्दल, आणि तिच्यापर्यंत मी पोचलो तो एका पुलावरूनच.

माझी मुलगी बी. ए.ला आहे, इंग्रजी घेऊन. एके दिवशी तिनं दोन-तीन पानांची एक गोष्ट माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, हे तुमच्या खात्याचं आहे, वाचा." गोष्टीचं नाव 'द स्टोरी ऑफ ॲन अवर'. लेखिका केट शोपां, अमेरिकन. १८९४ साली लिहिलेली आणि त्याच वर्षी 'व्होग' मासिकात छापून आलेली.

गोष्ट अशी. रेल्वे अपघाताची बातमी वर्तमानपत्राच्या कचेरीत येते. मृतांच्या यादीत पहिलंच नाव मिस्टर मॅलार्ड यांचं. त्यांचा मित्र खात्री करून घ्यायला दुसऱ्या तारेची वाट बघतो आणि मग घरी जातो. बाईंचं हृदय अधू, म्हणून बहीण जपून जपून सांगते. बाई रडतात, खोलीत जाऊन दार लावून घेतात, खिडकीशी बसतात. आणि तिथे त्यांना कळतं की आता उरलेली वर्षं आपली स्वतःची आहेत. नवरा वाईट नव्हता, प्रेमळच होता. तरीसुद्धा असं वाटतं. तासाभरानं त्या खाली येतात तर नवरा किल्लीनं दार उघडून आत येतोय! तो अपघाताच्या जागेपासून कितीतरी दूर होता, त्याला पत्ताही नाही. बाई जागच्या जागी मरतात. डॉक्टर म्हणतात, आनंद सोसला नाही. खरं काय ते फक्त वाचकाला माहीत.

मंडळी, नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका अपघाताच्या जागी मदत कक्षात मला उभं केलं होतं. यादीत एकाच नावाचे दोघेजण होते आणि एका घराला चुकीचा निरोप गेला. दोन तासांनी तो दुरुस्त झाला. त्या दोन तासांत त्या घरात काय झालं असेल याचा विचार मी आजवर केला नव्हता. गोष्ट वाचल्यावर केला. आणि प्रश्न पडला, घरात बसून लिहिणाऱ्या या बाईला हे कळलं कसं? म्हणून मुलीकडून पुस्तकं मागवून तिचं चरित्र वाचलं.

केट ओफ्लॅहर्टीचा जन्म ८ फेब्रुवारी १८५० चा, मिसुरी राज्यातल्या सेंट लुइस शहरातला. वडील आयर्लंडहून आलेले यशस्वी व्यापारी, पॅसिफिक रेल्वेच्या प्रवर्तकांपैकी एक. आई फ्रेंच वंशाच्या घरातली. १ नोव्हेंबर १८५५ रोजी नवा मार्ग जेफरसन सिटीपर्यंत खुला होणार म्हणून शहरातले प्रतिष्ठित लोक खास गाडीनं निघाले. वाटेत गॅस्कोनेड नदी. पुलाचं वरचं काम पूर्ण झालेलं नव्हतं, म्हणून तात्पुरत्या लाकडी टेकूवर रूळ टाकून गाडी न्यायचं ठरलं. इंजिन पुलावर गेलं आणि टेकू कोसळला. तीसहून अधिक माणसं गेली. इंजिनावर उभे असलेले चीफ इंजिनिअर गेले आणि केटचे वडीलही गेले. ती पाच वर्षांची होती.

आज आपल्याकडे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या मंजुरीशिवाय नव्या मार्गावर प्रवासी गाडी जात नाही. पण समारंभाची तारीख आधी ठरते आणि पूल मागून तयार होतो, हे दडपण इथे बसलेल्या सहकाऱ्यांना मी समजावून सांगायला नको.

त्यानंतर केट वाढली ती विधवांच्या घरात. आई, आजी, पणजी, तिघी विधवा आणि तिघी खंबीर. पणजीनं तिला फ्रेंच शिकवलं, पियानो शिकवला आणि जुन्या सेंट लुइसच्या गोष्टी सांगितल्या. १८७० मध्ये ऑस्कर शोपां यांच्याशी लग्न होऊन ती न्यू ऑर्लिन्सला गेली. पाच मुलगे आणि एक मुलगी. कापसाचा धंदा बसला तेव्हा १८७९ मध्ये कुटुंब लुईझियानातल्या क्लूटियरव्हिल या खेड्यात आलं आणि किराणा-भुसाराचं दुकान चालवू लागलं. १८८२ मध्ये ऑस्कर तापानं गेले. बत्तिसाव्या वर्षी तीही विधवा, डोक्यावर कर्ज आणि पदरात सहा मुलं. वर्षभराहून जास्त काळ तिनं व्यवहार स्वतः सांभाळला, मग आईकडे सेंट लुइसला परतली. १८८५ मध्ये आईही गेली.

त्या दुःखातून बाहेर यायला डॉ. कोल्बेनहायर या घरच्या डॉक्टरांनी तिला लिहायचा आग्रह केला. औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देण्यासारखंच हे. १८८९ पासून तिचं लेखन छापून येऊ लागलं, तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. इथल्या कितीतरी भगिनींचं हेच वय असेल. वेगळी खोली नाही, मुलांच्या गराड्यात बसून लिहायचं. पहिली कादंबरी १८९० मध्ये पदरच्या पैशानं छापली. मग 'बायू फोक' (१८९४) आणि 'अ नाइट इन अकेडी' (१८९७) हे दोन संग्रह आले. लुईझियानातली साधी माणसं, त्यांची मिश्र बोली, त्यांच्या गमती, म्हणून लोकांनी कौतुक केलं.

कौतुक थांबलं १८९९ मध्ये. त्या वर्षी 'द अवेकनिंग' ही कादंबरी आली. नायिका एडना, दोन मुलांची आई, घरात काही कमी नाही. ती पोहायला शिकते, चित्रं काढते, नवऱ्याचं घर सोडून छोट्या घरात राहायला जाते, परपुरुषात गुंतते आणि शेवटी समुद्रात दूर दूर पोहत जाते. परीक्षकांना कादंबरीची भाषा आवडली, बाई आवडली नाही. विकृत, विषारी असे शेरे पडले. ग्रंथालयांनी पुस्तकावर बंदी घातली असंही पुढे सांगितलं जाई, पण त्याला पुरावा मिळाला नाही असं चरित्रकार एमिली टोथ सांगतात. बंदीची गरजच पडली नाही. लोकांनी वाचणं सोडलं, एवढं पुरलं. १९०० मध्ये प्रकाशकानं तिसरा संग्रह परत केला, तो छापून आला १९९१ मध्ये. शोपांचं लेखन आटत गेलं. ऑगस्ट १९०४ मध्ये सेंट लुइसचं जागतिक प्रदर्शन बघून ती दमून घरी आली, मेंदूत रक्तस्राव झाला आणि २२ तारखेला ती गेली. वय चोपन्न.

नंतरची साठेक वर्षं ती 'प्रादेशिक कथा लिहिणारी एक बाई' एवढीच उरली. १९३२ मध्ये एक चरित्र आलं, पण फार फरक पडला नाही. १९६९ मध्ये पेर सेयेर्स्टेड या नॉर्वेच्या अभ्यासकानं तिचं चरित्र आणि समग्र लेखन प्रसिद्ध केलं, तेव्हा अमेरिकेला कळलं आपल्याकडे काय होतं ते. त्यात 'द स्टॉर्म' ही कथा पहिल्यांदाच छापली गेली. १८९८ मध्ये लिहिलेली. हे कोणी छापणार नाही हे ओळखून तिनं ती कुठे पाठवलीच नव्हती. एकाहत्तर वर्षं ती कथा कागदावरच राहिली!

आता मुद्द्यावर येतो. सौ. समोरच बसल्या आहेत, म्हणून जपून बोलतो. लग्न झालं तेव्हा त्या कथा लिहीत. दोन छापूनही आल्या होत्या. मग माझ्या पाच बदल्या झाल्या. प्रत्येक बदलीत क्वार्टर, शाळा, गॅसचं कार्ड, सगळं त्यांनी नव्यानं उभं केलं. कथांची वही मात्र प्रत्येक वेळी त्याच पत्र्याच्या ट्रंकेत, तळाशी. मी ती ट्रंक पाच वेळा ट्रकमध्ये चढवली, उघडली एकदाही नाही. "लिहू नकोस" असं मी कधी म्हटलं नाही. "काय लिहिलंस?" असंही कधी विचारलं नाही. मिस्टर मॅलार्डसुद्धा वाईट नव्हते, हे वाक्य मला झोपू देईना.

गेल्या महिन्यात मी वही मागितली. त्या म्हणाल्या, "बघू." चार दिवसांनी टेबलावर ठेवली, वर मुलीची चिठ्ठी: "आधी मी वाचणार."

आपल्या स्मरणिकेत जाहिराती असतात, अहवाल असतो, हिशेब असतो. भगिनींची नावं बहुधा पाककृतींखाली. पाककृती जरूर असाव्यात. पण पुढच्या वर्षी चार पानं कथांसाठी राखून ठेवावीत अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. त्या पानांच्या छपाईचा खर्च मी देईन. आणि बंधूंनो, घरी गेल्यावर ट्रंकेच्या तळाशी काय आहे ते विचारा. परवानगी मिळाली तरच उघडा.

मांडवाच्या कामाला मी पुढच्या वर्षी पुन्हा हजर आहेच.