रेपो कुणाच्या नावावर आहे?

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. सात जणांची रिसर्च टीम, पेपर अजून यायचाय म्हणून कोड प्रायव्हेट हवा, आणि बजेट शून्य. ‘कुठे ठेवू रे?’

आधी सोप्पं गणित. बिटबकेट फुकटात पाच जणांपर्यंतच. गिटलॅबच्या वेबसाइटवर फुकट प्रायव्हेट ग्रुपलाही पाचचीच मर्यादा. गिटहबने मात्र एप्रिल २०२० पासून प्रायव्हेट रेपोत कितीही माणसं फुकट केली. म्हणजे गिटहब. फक्त १०० एमबीच्या वरची फाइल तिथे साधी पुश होत नाही, डेटा वेगळा ठेवा.

मग मी विचारलं, ‘आत्ता कोड कुठेय?’ म्हणाली, ‘एका पीएचडीवाल्याच्या अकाउंटवर. तो पुढच्या महिन्यात चाललाय.’

खरी रिस्क इथे आहे! त्याने अकाउंट डिलीट केलं, की रेपोही गेला. आणि ट्रान्सफर त्यालाच करावं लागतं, म्हणून तो आहे तोवर करा. ऑर्गनायझेशन काढा, तीही फुकट असते. रेपो तिच्या नावावर घ्या. ओनर दोन ठेवा: गाइड मॅडम आणि अजून एक. शिवाय लॅबच्या मशिनवर अधूनमधून मिरर क्लोन घ्या, म्हणजे सगळी हिस्टरी हाताशी राहते.

तिने त्याच रात्री त्याला फोन लावला. तुमच्या टीमचा रेपो कुणाच्या नावावर आहे? आजच बघा. भेटू पुढच्या भागात!