तीळ घरचा असू द्या
(कोल्हापूरच्या बैठकीतील भाषण)



संक्रांतीला आपण तिळगूळ वाटतो. त्यातला गूळ या कोल्हापूरचा. शाहू महाराजांनी वसवलेल्या शाहूपुरीत त्याची पेठ उभी राहिली, २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण तीळ आपल्या कोरडवाहू रानाचा.

आम्ही शेतकी शिकलो तेव्हा तीळ म्हणजे नुसती तेलबी. खरं पाहता तिळात निम्मं तेल, शेकडा १८ ते २० प्रथिनं. न सोललेल्या १०० ग्रॅम तिळात ९०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम. टरफलातल्या ऑक्झलेटमुळे त्यातलं सगळं अंगी लागत नाही, हेही सांगितलं पाहिजे. गूळ मात्र बहुतेक साखरच, लोह थोडंसं. मधुमेह असेल त्यानं बेतानं खावा. काटेरी हलवा म्हणजे तर तिळावर चढवलेला साखरेचा पाक.

डाळीच्या प्रथिनात जे कमी पडतं, ते तिळात आहे. तिळात जे कमी, ते डाळीत. म्हणून भाकरी, डाळ आणि तिळाची चटणी ही आपली जुनी जोडी शहाणपणाची.

आज कापूस आपण सलग लावतो आणि तीळ पुडीतून विकत आणतो. येत्या खरिपात दोन काकऱ्या तिळाच्या टाकू. बाजारासाठी नव्हे, लेकरांच्या मुठीसाठी. संक्रांतीला गोड बोलूच. पण तीळ घरचा असू द्या.