यादीत लागलेलं नाव



माझी सगळी नोकरी तहसील कचेरीत झाली. त्यातली बरीच वर्षं निवडणूक शाखेत. नवं नाव घालायचं तर फॉर्म सहा, कमी करायचं तर सात, चुकलेलं दुरुस्त करायचं तर आठ. अशा बाईला दीक्षान्त भाषणाला बोलावलंत म्हणजे ती मतदार यादीबद्दलच बोलणार. तशी मी बोलणार आहेच.

देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली आणि ५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. मतदार १७ कोटींहून जास्त, आणि देशात शंभरात जेमतेम अठरा माणसांना वाचता येत होतं. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. कागद आत टाकला की झालं मत. लाखो पोलादी पेट्या आपल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात बनल्या. पेट्यांचं काम निभावलं. अडलं ते नावांवर.

यादी करणारे दारात गेले की उत्तर यायचं, अमक्याची आई, तमक्याची बायको. परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगायची रीतच नव्हती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी धरून ठेवलं, की नाव सांगितल्याशिवाय नोंद नाही. बिहारला महिनाभर मुदत वाढवून दिली. तरीही देशभरात सुमारे २८ लाख बायकांच्या नोंदी गाळाव्या लागल्या. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेशातल्या. मेलेल्या माणसाचं नाव कमी करतानाही मी दोनदा खात्री करायचे. सेनांचा निर्णय मला पटतो. टोचतोही.

आपल्याकडची तऱ्हा निराळी. इथे बाई उखाण्यात नवऱ्याचं नाव हौसेनं घेते, पण तिचं स्वतःचं नाव लग्नाच्या दिवशीच जातं. तबकातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, की जुनं माहेरच्या उंबऱ्याआड.

माझी आजी साताऱ्याकडच्या एका खेड्यात नांदत होती. आजोबा मुंबईला गिरणीत. तलाठी यादी करायला आला तेव्हा ओसरीवर पणजी बसली होती. घरातली माणसं सांगून झाल्यावर म्हणाली, ‘‘आणि एक धाकटी सून.’’ तलाठी म्हणाला, ‘‘सून असं नाव नसतं, मावशी.’’ पणजी सासरचं नाव सांगणार, तेवढ्यात दाराआडून आजीनं नाव सांगितलं. माहेरचं. सात वर्षांत त्या घरात कुणी उच्चारलेलं नव्हतं ते. तलाठ्यानं लिहून घेतलं आणि निघून गेला. पुढचे आठ दिवस पणजी तिच्याशी बोलली नाही, असं आई सांगायची. मला वाटतं, आठ दिवस हे आईनं कमी करून सांगितलं असणार.

मतदान आलं तेव्हा आई पाच वर्षांची. जानेवारीच्या थंडीत, आजीचा पदर धरून ती मतदानाला गेली. आत टेबलाशी बसलेल्या माणसानं यादी बघून मोठ्यानं एक नाव पुकारलं. आईनं मागे वळून पाहिलं, कोण बाई आहे ही? मागून कुणीच आलं नाही. पदर हातातून सुटला, आणि तिची आईच पुढे गेली.

ते नाव मी माइकवरून घेत नाही. घरच्यांसाठी राखून ठेवलंय. आजीच्या बोटाला शाई लागली, ती बघून आईनंही बोट पुढे केलं आणि शाई मिळाली नाही म्हणून घरापर्यंत रडली.

त्या निवडणुकीत कोण निवडून आलं, हे आजीला शेवटपर्यंत नीट सांगता यायचं नाही. ज्यांनी घटनेचा मसुदा केला ते डॉ. आंबेडकर त्याच वेळी मुंबईतून पडले, हेही तिला पुष्कळ उशिरा कळलं. तिच्या डोळ्यांसमोर लेक होती. त्याच जूनमध्ये ती एकटी शाळेत गेली आणि पोरीचं नाव घालून आली. पुढे आईच्या लग्नात तांदळाचं तबक आलं तेव्हा आजी व्याह्यांना म्हणाली, ‘‘लिहा, पण आहे तेच लिहा.’’ मंडपात कुजबुज झाली. भटजींनी आहे तेच लिहिलं.

आता तुमच्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव वेगळ्या ओळीत असतं. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. छान झालं. पण माझ्या टेबलावर लग्नानंतर फॉर्म आठ घेऊन येणाऱ्या मुली मी पाहिल्यात. सोबत आलेला नवरा किंवा दीर नवं नाव सांगायचा. मी मुलीकडे बघून विचारायचे, ‘‘तुला काय लिहायचंय?’’ कितीतरी जणी आधी त्याच्याकडे बघायच्या. त्या पदवीधर होत्या.

आणि उगाच शहाणपण नको, माझ्या स्वतःच्या मुलाचं नाव तीन वर्षं कुठल्याच यादीत नव्हतं. नोकरीसाठी बंगळूरला गेला, इथलं मी कायद्यानं कमी केलं, तिथलं त्यानं आळसानं घातलं नाही. म्हणाला, ‘‘आई, एका मतानं काय होतं?’’ मला रागवता आलं नाही. फक्त आजीची गोष्ट सांगितली. नाव घालायचा फॉर्म वर्षभर भरता येतो. तेव्हा निमित्त सांगायला जागा नाही. त्यानं जुलैत भरला. मला फोटो पाठवला, फॉर्मचा. खाली लिहिलं होतं, ‘‘तुझं नाव बरोबर लिहिलंय का बघ.’’ वेलांटी चुकली होती.

आता प्राचार्य पदव्यांसाठी नावं पुकारतील. सर, एक विनंती आहे. घाई करू नका. आईच्या नावासकट पूर्ण वाचा. मागच्या रांगेत बसलेल्या एखाद्या बाईचं नाव तिच्या पोरांनी आजवर मोठ्यानं ऐकलं नसेल. जेवण थोडं गार होईल, होऊ द्या.