भिंतीवरचे सूप
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



‘घरातल्या टाकाऊ वस्तूंनी भिंती कशा सजवाव्यात’ यावर मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मला भाषणाची सवय नाही. घरी जे घडले, तेच सांगते.

गेल्या दिवाळीआधी आम्ही घराला रंग दिला. त्या भरात मी माळा आवरला आणि भंगारवाल्याला बोलावले. पितळी डबे, पातेली, सासूबाईंचा अडकित्ता, सारे त्याच्या काट्यावर चढले. सूप तेवढे त्याने परत दिले. “बाई, बांबूला भाव नाही,” म्हणाला.

सासूबाई दाराशी बसून पाहत होत्या. उजवा हात मोडल्यापासून त्यांचे पाखडणे बंद झाले होते, आणि आता धान्यही निवडलेलेच येते. तेव्हा बोलल्या काही नाहीत. रात्री पान वाढताना एवढेच विचारले, “अडकित्तासुद्धा गेला का गं?” मला घास गिळवेना. सकाळी मी चौकापर्यंत धावले, पण माल पुढे गेला होता.

उरले ते सूप. मी म्हटले, “आई, हे तरी भिंतीवर लावू या.”

त्या म्हणाल्या, “असं फाटकं? आधी लिंपायला हवं.” आणि त्यांनीच कृती सांगितली. रद्दी कागदाचे तुकडे दोन दिवस पाण्यात भिजवावेत. मूठभर मेथ्या रात्री भिजत घालाव्यात. कागद पिळून मेथ्यांबरोबर बारीक वाटावा. मेथीच्या चिकटपणाने लगदा धरून राहतो. सुपाला आतून-बाहेरून पातळ लेप द्यावा आणि खडखडीत उन्हात वाळवावे. मी घाईने जाड थापला, तो तडकला. दुसरा लेप सासूबाईंनी डाव्या हाताने दिला. तो तडकला नाही.

वाळल्यावर वर गेरू दिला, पांढऱ्या रंगाने ठिपक्यांची रांगोळी काढली, कडेला त्यांच्या जुन्या लुगड्याचा काठ चिकटवला. खर्च म्हणाल तर रंगाचा आणि खिळ्याचा.

अनुभवाच्या दोन गोष्टी सांगते. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर असे सूप लावू नये. लेपाला बुरशी येते. चुलीजवळही नको, तेलकट धूर बसतो. पुसायचे ते कोरड्या फडक्याने, पाणी लागले की लगदा सुटतो. आणि एका भिंतीवर दोन-तीनच वस्तू ठेवाव्यात, नाहीतर भिंतीचा माळा होतो!

मे महिन्यात सासूबाईंना पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेले. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेल्या या वस्तूंना आपल्या गेलेल्या मुलाचे, राजाचे नाव दिले आणि सारा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. तेथे दिवे आहेत, कुंकवाचे करंडे आहेत, पाय घासायच्या वज्र्या आहेत. अडकित्त्यांपाशी सासूबाई थांबल्या. “आपलाही असाच होता,” म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागले. ज्या वस्तू एका माणसाने गावोगाव हिंडून जमवल्या, त्यांतली एक मी किलोच्या भावाने घालवली होती.

आता घरी कोणी आले की सूप पाहून विचारते. उत्तर सासूबाई देतात, मेथ्या किती घ्यायच्या इथपासून. मी चहा ठेवते.

तेव्हा बायांनो, भिंत जरूर सजवा. पण एखादी वस्तू टाकाऊ ठरवण्यापूर्वी, ती ज्या हातांनी वापरली त्या हातांना एकदा विचारा. मी विचारले नाही, म्हणून माझ्या भिंतीवर सुपाशेजारी एक खिळा रिकामा आहे. तो मी मुद्दाम काढलेला नाही.