टोपी नव्हे, टोपीचा कागद

थंडी पडली की कानटोप्या आणि बाळाची टोपडी आपण विणतोच. आज आम्ही टोपीच्याच, पण जरा वेगळ्या कामाबद्दल बोलणार आहोत.

युरोप-अमेरिकेत कितीतरी बायका टोपी विकत नाहीत, ती कशी विणायची याचा कागद विकतात. २००७ साली रॅव्हलरी नावाचं संकेतस्थळ सुरू झालं, तेव्हापासून हा धंदा घरबसल्या करणं फार सोपं झालं. कागद विकायला काढण्याआधी तो काही जणींकडून विणून तपासून घेतात. त्याला म्हणतात टेस्ट निटिंग. आपण चकलीच्या भाजणीचं प्रमाण सांगताना ‘मीठ अंदाजाने’ म्हणतो ना, तसं तिथे चालत नाही. अनोळखी बाईने नुसतं वाचून विणलं, तरी टोपी डोक्यात बसली पाहिजे.

आमच्या गटातल्या एका ताईंची भाची परदेशात असते. तिच्या ओळखीच्या बाईंचा असा एक नमुना आमच्याकडे आला. मोठ्या माणसाची टोपी, डोक्याचा घेर ५५ सेंटिमीटर. टोपी ताणून बसावी म्हणून ती ५० सेंटिमीटरची विणायची. दहा सेंटिमीटरमध्ये २० टाके, म्हणजे सुईवर १०० टाके घ्यायचे.

आता इथे हाताचा प्रश्न येतो. ज्यांचा हात घट्ट आहे त्यांचे दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसतात. मग त्याच १०० टाक्यांची टोपी साडेपंचेचाळीसच्या आसपास भरते आणि कपाळावर वळ उठतो. म्हणून आधी हातभर नको, पण चांगला चौकोनी तुकडा विणायचा, मधले दहा सेंटिमीटर पट्टीने मोजायचे. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून चालत नाही.

सुईचा नंबरही विचारून घ्या. आपल्या दुकानातली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते, अमेरिकेतली ८ नंबरची ५ मिलिमीटरची. नंबर नको, मिलिमीटर सांगा, असंच आम्ही कळवलं. शिवाय तो नमुना गोल सुईवरचा होता. गोल विणताना सगळ्या ओळी सुलट जातात. आपल्या दोन सुयांवर परतीची ओळ उलट विणावी लागते. गोल सुया मिळेपर्यंत आम्ही काम हातात घेतलं नाही.

कागद इंग्रजीत. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी विणायचं. माथ्यापाशी टाके कमी करताना कागदावर होतं, ‘९ सुलट, २ एकत्र, असं ओळभर.’ आमच्या एक काकू, ज्यांना अक्षरओळख नाही, सुई थांबवून म्हणाल्या, “एक टाका उरतोय गं.” मोजून पाहिलं. नऊ आणि दोन अकरा, अकरा नवे नव्याण्णव. टाके तर शंभर! तिथे ‘८ सुलट’ हवं होतं, म्हणजे दहाचे दहा भाग बरोबर पडतात. हे कळवलं तेव्हा बाईंनी कागद दुरुस्त केला.

आता पैशाचं. या कामाला बहुतेक वेळा मजुरी नसते. तपासणारीला पक्का झालेला नमुना फुकट मिळतो, लोकरही बऱ्याचदा तिचीच. हौसेने विणणाऱ्या बाईला ते परवडतं. ज्वारीच्या काढणीत रोज बुडवून बसणाऱ्या बाईला कसं परवडेल? गटाच्या बैठकीत यावर चांगलीच वादावादी झाली. काहींचं म्हणणं, शिकायला मिळतंय, पैसे कशाला. आम्ही शेवटी लिहिलं की लोकर तुमची, टोपीमागे मजुरी हवी, आणि झालेल्या टोप्या आमच्याकडे राहतील. बाईंनी लोकर आणि टोप्या मान्य केल्या, मजुरी आम्ही मागितली त्याच्या निम्मी. चार जणींनी होकार दिला, दोघींनी सरळ नाही म्हटलं. त्या दोघींचं आम्हाला चूक वाटत नाही.

एक अट मात्र पाळायची. नमुना बाजारात येईपर्यंत कागदाचा फोटो कुणाला पाठवायचा नाही, अगदी सख्ख्या जावेलाही.

तुमच्या गटाला असं काम आलं, तर होकाराआधी चार गोष्टी लिहून घ्या: लोकर कुणाची, मजुरी किती, मुदत कधीची, टोपी कुणाची. आणि वहीत रोजचे तास मांडा. आमच्या चौघींना एका टोपीला आठ ते अकरा तास लागले. पुढच्या वेळी मजुरी त्यावरूनच सांगणार आहोत.