शेवटचा बोल्ट कधी आवळायचा
(दहावी १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर दहा मिनिटं बोल." मी म्हटलं, त्यावर तुमची मुलंच माझ्यापेक्षा जास्त बोलतील. मी माझ्या जुन्या गाडीच्या सस्पेन्शनबद्दल बोलू का? पलीकडे जरा शांतता पसरली. पण नाही म्हणाले नाहीत, त्याबद्दल त्यांचे आभार.

मी ओहायो राज्यात, कोलंबसला राहते. २०१८ मध्ये मी तिथे एक जुनी माझ्दा मिआटा घेतली. मॉडेल १९९६चं, म्हणजे आपण दहावी झालो त्याच वर्षीचं. दोनच सीट, छप्पर हाताने मागे टाकता येतं आणि दिवे लावले की बेडकाच्या डोळ्यांसारखे बॉनेटमधून वर येतात. ही गाडी पहिल्यांदा दाखवली ती फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या प्रदर्शनात. २०१६ मध्ये जपानमधल्या हिरोशिमाच्या कारखान्यातून तिची दहा लाखावी गाडी बाहेर पडली. इंजिन काही फार ताकदीचं नाही. पण वजन साधारण एक टन आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, त्यामुळे तिची सगळी मजा वळणावर.

डबल विशबोन म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक हात आणि खाली एक हात. हे हात गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेले असतात, तिथे रबराचे बुश असतात. चाक वरखाली होतं ते या बुशच्या जोरावर. बावीस वर्षांत रबर कडक होतं, त्याला चिरा पडतात, चाक थोडं थोडं मोकळं होतं. आणि हे इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला पत्ताच लागत नाही.

त्याच वर्षी माझे आई-वडील तीन महिन्यांसाठी आले होते. आण्णांना मी हौसेने गाडीतून फिरवायला नेलं. दुसऱ्याच वळणावर ते म्हणाले, "मागची डावी बाजू मोकळी झालीय. बुश गेलेत." मी म्हटलं, "आण्णा, जुनी गाडी आहे, आवाज करणारच." ते पुढे काही बोलले नाहीत.

आता एक गोष्ट सांगायची आहे, तीही याच शाळेच्या आवारात. आठवीत आपल्याला एक फॉर्म भरायला दिला होता. त्यात 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. मी लिहिलं, 'एस.टी.त नोकरी'. खोटं नव्हतं. मैत्रिणींना वाटलं, ते कंट्रोलर असतील. मी तो समज तसाच राहू दिला. आण्णा डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्या नखांतलं काळं ग्रीस दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतरही जायचं नाही. मला मात्र त्यांनी कधी पान्याला हात लावू दिला नाही. म्हणायचे, "तुझे हात वहीला ठेव." मी ठेवले. इंजिनिअर झाले. आणि चाळिशीपर्यंत मला धड टायर बदलता येत नव्हता.

२०१९च्या वसंतात मी ठरवलं, बुश आपणच बदलायचे. गॅरेजवाल्याने मजुरीचा जो आकडा सांगितला, त्यात गाडीच्या निम्म्या किमतीची सोय झाली असती. मी मॅन्युअल मिळवलं. गाडी जॅकवर उचलली, लोखंडी घोड्यांवर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जायचं नाही, हे तुमच्यापैकी कुणी करणार असेल तर आधी पाठ करा. दाबलेल्या स्प्रिंगच्या बाबतीतही तेच. ती निसटली तर जिवावर बेतू शकतं.

ओहायोत हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने खालच्या हातांचे लांब बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झाले होते. या बोल्टांना तबकडीसारखी कॅम असते. ती फिरवली की चाकाचा कोन बदलतो, म्हणून काढण्याआधी प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने खूण केली. तीन संध्याकाळी तेल सोडलं, तापवलं, लांब पाइप लावून जोर केला. दोन बोल्ट हललेच नाहीत, ते करवतीने कापावे लागले. शॉक अब्सॉर्बर उघडले तर आतले फोमचे बंप स्टॉप हातात चुरा होऊन आले. जुने बुश दाबून काढले, नवे बसवले, सगळे बोल्ट दणकून आवळले, गाडी खाली घेतली, अलाइनमेंट करून आणली. गाडी नव्यासारखी चालली. मी फोटो काढून आपल्या ग्रुपवर टाकला होता, काहींना आठवत असेल.

वर्ष पुरं व्हायच्या आत गाडी कुरकुरू लागली. खाली वाकून पाहिलं, तर नव्या बुशांतले तीन फाटलेले. मला वाटलं, माल खराब निघाला.

२०२०चा एप्रिल होता. इकडे आणि तिकडे सगळं बंद. एस.टी.ही उभी राहिली होती. आण्णांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी ते बेचैन होते. मी व्हिडिओवर त्यांना फाटलेला बुश दाखवला. त्यांनी आईला फोन जवळ धरायला लावला, चष्मा पुसला आणि एकच प्रश्न विचारला, "आवळताना चाकं कुठे होती?"

"हवेत."

"मग बरोबर. अगं, हा सायलेंट ब्लॉक आहे. तो फिरत नाही, पिळतो."

मग त्यांनी समजावलं. बुशची बाहेरची नळी हातात घट्ट बसलेली, आतली नळी बोल्टने आवळलेली आणि मधलं रबर दोन्हीला चिकटलेलं. गाडी टांगलेली असताना चाक खाली लोंबतं. तेव्हा बोल्ट आवळला, की रबराला तीच आपली जागा वाटते. गाडी जमिनीवर आली की हात वर जातो आणि रबर पिळलेलंच राहतं, उभ्या गाडीतसुद्धा. वरून प्रत्येक खड्ड्याला आणखी पीळ. मग फाटणार नाही तर काय! म्हणून बोल्ट आधी नुसते हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, चार वेळा दाबून बसू द्यायची आणि मग शेवटचं आवळायचं.

मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं. बोल्ट घट्ट म्हणजे घट्ट, वर काय आणि खाली काय, असं म्हणून सोडून दिलं होतं. सर, तुम्ही गणितात पायऱ्यांना मार्क द्यायचात. मी एक पायरी गाळली आणि उत्तर चुकलं.

पुढचे पाच शनिवार आम्ही ते काम पुन्हा केलं. माझी सकाळ, त्यांची संध्याकाळ. मी फोन फेंडरला टेकवायचे. आई म्हणायची, साडेपाचपासून चहा घेऊन बसलेत. बुश दाबून बसवताना वाकडा गेला, तर ते आवाजावरून ओळखायचे. एकदा माझ्या हातातला पाना पाहून म्हणाले, "रिंग पाना घे, नाहीतर नट गोल करशील." पाचव्या शनिवारी मी चाकांखाली जाड फळ्या रचल्या, गाडी त्यांवर उतरवली, सरपटत खाली गेले आणि एकेक बोल्ट टॉर्क पान्याने आवळला. प्रत्येक बोल्टला पाना 'टक्' करायचा. तिकडून आण्णा मोजत होते.

बाहेर आले तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे होते. ते स्क्रीनवर बघून म्हणाले, "आता धुऊ नकोस लगेच. आईला दाखव." आईने पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्यासारखेच दिसतात की रे बाबा हिचे!"

आण्णा २०२३ मध्ये गेले. गाडी अजून माझ्याकडे आहे. ते बुश सहा वर्षं टिकलेत. दर वसंतात एकदा खाली जाऊन बघते, अजून एकही फाटलेला नाही.

त्या पाच शनिवारी मला त्यांना फॉर्मचं सांगायचं होतं. प्रत्येक वेळी काहीतरी काम निघायचं आणि राहून जायचं. कदाचित त्यांना माहीत असेलही. पालकसभेला ते नेहमी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून यायचे. डेपोतून थेट कधीच आले नाहीत. का, ते मी कधी विचारलं नाही.

बाई, तुम्ही आमच्या आठवीच्या वर्गशिक्षिका. तो फॉर्म आता कुठल्या कपाटात असेल, कोण जाणे. सापडला तर त्यात एवढी दुरुस्ती करा. वडिलांचा व्यवसाय : मेकॅनिक, एस.टी. डेपो.